बेडरूममध्ये लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटतंय, मोबाईल मात्र मस्त चालतो

गणितवाली_ताई
नमस्कार मंडळी, मदत हवीये. पुण्यात फ्लॅट, फायबरचं कनेक्शन, राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आणि मी बसते बेडरूममध्ये, मध्ये दोन भिंती. लॅपटॉप विंडोज ११ वाला. दिवसभर ठीक चालतं पण संध्याकाळी ऑनलाइन क्लास सुरू केला की आवाज तुटतो, मुलं म्हणतात टीचर तुम्ही अडकलात, वायफायच्या दांड्या फुल दिसतात तरी काही हलत नाही. बंद-चालू केलं की थोडा वेळ बरं. मोबाईल त्याच टेबलावर असतो, त्याला काही होत नाही. दहावीची मुलं आहेत हो, प्रमेय अर्ध्यावर तुटलं की सगळी लिंक जाते. नवीन राउटर घेऊ का?

तारांचा_गुंता
ताई, राउटरवर आत्ताच पैसे घालू नका, आधी नेमकं कुठे तुटतंय ते बघा. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा, एकीत राउटरचा पत्ता पिंग करा, म्हणजे त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघा (पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या खाली चिकटवलेलं असतं), दुसरीत ८.८.८.८ (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर), आणि दोन्हींच्या शेवटी डॅश टी लावा म्हणजे आपोआप चालू राहतं. क्लासच्या वेळी राउटरचंच उत्तर रखडलं तर गडबड घरात आहे. राउटर पटापट उत्तर देतोय आणि बाहेरचंच अडकतंय तर मग लाइनवाल्यांना पकडा, स्क्रीनशॉट पाठवा. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये चॅनेल पण बघून सांगा. वायफाय दोन रेडिओ पट्ट्यांवर चालतं: १ ते १३ मधला असेल तर तुम्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहात, ३६ किंवा पुढचा असेल तर ५ गिगाहर्ट्झवर.

गणितवाली_ताई
केलं. एरवी राउटर २-३ मिलिसेकंदात उत्तर देतो, क्लास सुरू झाला की ३००-४०० आणि मध्येच रिक्वेस्ट टाइम्ड आउट. चॅनेल ६. मोबाईल ५ वर आहे. अजून एक, त्याच वेळी ब्लूटूथचा माऊसपण अडखळतो, याचा काही संबंध आहे का? क्लासचं रेकॉर्डिंग बाहेरच्या हार्ड डिस्कवर होतं, ती लॅपटॉपला चिकटूनच ठेवलेली असते.

जुना_हार्डवेअरवाला
संबंध आहे, आणि चांगलाच आहे! यूएसबी ३ ची डिस्क चालू असताना तिच्या केबलमधून आणि कनेक्टरमधून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ च्या पट्ट्यात येतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर पेपरच काढला होता. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात म्हणून माऊसही अडतो. आणि दांड्या फुल का, तर राउटरचा सिग्नल येतोय जोरात पण शेजारच्या गोंगाटात लॅपटॉपला तो नीट ऐकू येत नाही. एक क्लास डिस्क काढून घ्या, रेकॉर्डिंग लॅपटॉपमध्येच होऊ द्या, कळेल.

तारांचा_गुंता
पटलं. पण ताई नुसत्या डिस्कवर थांबू नका, संध्याकाळी सगळे घरी आले की सोसायटीत २.४ वर गर्दी होतेच, त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६, ११ एवढेच. राउटरमध्ये ५ ला वेगळं नाव द्या, लॅपटॉप फक्त त्यालाच जोडा. ५ चा सिग्नल भिंतीत जास्त मरतो, म्हणून राउटर टीव्हीमागून काढून पॅसेजकडे उंच ठेवा. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला कार्ड बंद करायची परवानगी असते, तो टॅब दिसला तर तिथली टिक काढा.

गणितवाली_ताई
डिस्क काढून आजचा क्लास घेतला, एकदाही तुटला नाही, माऊसपण लोण्यासारखा! राउटरवर ५ ला वेगळं नाव दिलंय, बेडरूममध्ये दोनच दांड्या येतात पण पिंग स्थिर आहे. दोघांचे मनापासून आभार. डिस्क परत लावायची तर लांब केबलने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली तर चालेल ना?

जुना_हार्डवेअरवाला
चालेल, फक्त केबल चांगली शिल्ड केलेली (आत गोंगाट अडवणारं धातूचं आवरण असलेली) घ्या, स्वस्तातल्या केबलने तोच त्रास परत होतो. माऊसचं लक्षण तुम्ही सांगितलंत म्हणून लवकर सापडलं.