बाळाची नाळ आणि बेंबी: तुमचे अनुभव लिहा

बाळ आज सहा दिवसांचं झालं. नाळेचा तुकडा काळा पडून वाळलाय आणि डायपर बदलताना दर वेळी माझा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले काहीही लावू नका, घरातले म्हणतात असं उघडं कसं ठेवायचं. तुमच्याकडे कितव्या दिवशी पडली, काय केलंत, सगळं लिहा प्लीज.

---

आमच्याकडे नवव्या दिवशी. त्या तुकड्यात संवेदना नसते गं, हात लागला तरी बाळाला दुखत नाही, हे कळल्यावर मी जरा सुटले. डायपरची पुढची कड नाळेच्या खाली दुमडायची म्हणजे शू तिकडे जात नाही, आणि पडेपर्यंत टबात अंघोळ नाही, नुसतं ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. पडली त्या दिवशी झबल्यावर रक्ताचे दोन-तीन ठिपके दिसले, मी रात्री अकराला डॉक्टरांना फोन केला. एवढं चालतं म्हणाले, रक्त थांबलंच नाही तर लगेच या.

---

थोरलीच्या वेळी दर डायपरला स्पिरिट लावायला सांगितलं होतं, सतरा दिवस लागले. धाकट्याला काहीच नाही, आठव्या दिवशी पडली. स्पिरिटने उलट उशीर होतो असं तेव्हा कळलं. आता जागतिक आरोग्य संघटनाही कोरडीच ठेवा म्हणते, जिथे नाळेला शेण वगैरे घातक गोष्टी लावायची पद्धत आहे तिथे फक्त क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक, तेही डॉक्टरांनी दिलं तरच.

---

मला हे लिहायला जड जातंय पण लिहिते. पाचव्या दिवशी संध्याकाळी बेंबीभोवतीची कातडी लाल दिसली, डायपरने घासलं असेल म्हणून आम्ही सकाळपर्यंत थांबलो. सकाळी लाली पसरलेली, घाण वास, आणि बाळ दूधच ओढेना. ॲडमिट केलं, शिरेतून अँटिबायोटिक. नाळेतल्या रक्तवाहिन्या थेट आत जातात, त्यामुळे तिथला संसर्ग झपाट्याने रक्तात उतरू शकतो, असं डॉक्टरांनी समजावलं. लेक आता चार वर्षांची आहे, छान आहे. पण ती एक रात्र आम्ही थांबायला नको होतं. आजूबाजूची कातडी लाल, सुजलेली किंवा गरम, पू, ताप किंवा अंग थंड, बाळ मलूल, यातलं एक जरी दिसलं तरी निघाच.

---

आमची नाळ पडली पण बेंबी महिनाभर ओलीच, आत लाल मऊ गाठ. ग्रॅन्युलोमा म्हणतात. डॉक्टरांनी दोनदा सिल्व्हर नायट्रेट लावलं, सुकली.

---

मुलाची बेंबी रडला की लिंबाएवढी फुगायची. हर्निया. नाणं ठेवून पट्टी बांधा असं कोणी म्हणालं तर बांधू नका, कातडी खराब होते, फायदा शून्य. तीन वर्षांनी आपोआप बंद झाली. फुगलेला भाग कडक झाला, दुखायला लागला किंवा उलट्या झाल्या तर मात्र ताबडतोब दाखवायचं.

---

लोंबकळत असली तरी ओढू नका!! तीन आठवडे झाले तरी पडली नाही तर दाखवून या.

---

सगळ्यांचे खूप आभार. आज सकाळपासून थोडा वास येतोय, एका बाजूला किंचित लालसरही वाटतंय, दूध मात्र नीट पितोय. उद्या दाखवते.

---

उद्या नको गं. आत्ता फोन कर.

---

केला. लगेच घेऊन या म्हणाले, निघतोय.