टँकरचं पाणी विहिरीत ओतावं की टाकीत?

डोंगरपट्टा, जि. बीड:
नमस्कार. आमच्या गावची लोकसंख्या चौदाशेच्या आसपास. सार्वजनिक विहीर माघातच आटली, आता टँकरवर आहोत. टँकर विहिरीत ओततात आणि मग एकच झुंबड उडते. ज्याच्या घरात चार धडधाकट माणसं, त्याचे ड्रम भरतात. काल शेजारच्या म्हाताऱ्या मावशी दोन तास उभ्या राहिल्या आणि अर्धी घागर गढूळ पाणी घेऊन परतल्या. परवा एक पोरगी पोहरा ओढताना काठावरून घसरली, बायांनी धरली म्हणून वाचली. मी यंदाच पाणी समितीवर आले आहे. वाटप कसं बसवू? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

जालनेकर:
ताई, विहिरीत ओतणं आधी थांबवा. बरंच पाणी भेगांतच जिरतं, उरलेलं गाळात कालवतं. २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही पाच हजार लिटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या ओट्यावर ठेवून खाली तोट्या बसवल्या. दुसऱ्याच दिवशी विहिरीवरची भांडणं थांबली.

मग हिशेब धरा. टँकरचा निकष माणशी रोज २० लिटर, म्हणजे तुम्हाला २८ हजार लिटर. टँकर १२ हजारांचा असेल तर दोन खेपांत चार हजार कमी पडतात, तिसरी मागावीच लागेल. खेपांच्या वहीवर सही करण्याआधी वर चढून टँकर काठोकाठ भरलाय का ते बघा.

वाटप घरामागे नको, माणशी करा. आमची यादी एकदा कोलमडली होती: ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परत आली आणि त्यांची नावंच नव्हती. लेकराबाळांसह आलेली माणसं दिवसभर कोरडी राहिली. ते अजून मनाला लागतं. तुमच्याकडे तर अशी कुटुंबं जास्त.

भूजलवाला:
विहिरीच्या आसपास कुणाची नवी बोअर झालीय का तेही बघा. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही. शिवारात एखाद्या विहिरीला पाणी असेल तर अधिग्रहणाचा, म्हणजे ती गावासाठी तात्पुरती ताब्यात घेण्याचा, प्रस्ताव ग्रामसेवकांमार्फत तहसीलला आजच द्या, त्यात दिवस जातात.

डोंगरपट्टा:
बोअर आहे, दोनशे पावलांवर. मालक नात्यातलेच आहेत, पण उद्याच्या ग्रामसभेत विषय काढते. ऊसतोडीची चौदा कुटुंबं यादीत नव्हती, आत्ता वाड्यावर जाऊन नावं लिहून आणली. ज्यांना घागर उचलवत नाही त्यांचं काय केलंत?

जालनेकर:
गल्लीतल्या दोन पोरांकडे हातगाडी दिली. रांग सुरू होण्याआधी अशा घरांचं पाणी पोचतं करायचं. मावशींचं नाव सगळ्यात वर लिहा.