‘मध्यस्थ’ म्हणजे समेट घडवणारा की पॉलिसी विकणारा?

सायली: आरोग्यविम्याच्या एका पत्रकाचं मराठी करतेय. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. फी नाही, वकील लागत नाही. दोघांची तयारी असेल तर लोकपाल ‘मध्यस्थ’ म्हणून समेट घडवतो, असं लिहिलं. मावशीला वाचायला दिलं, तर तिने त्या शब्दावर बोट ठेवलं आणि पॉलिसी देणाऱ्या एजंटलाच फोन लावला! तिची चूक नाही, विम्यात ब्रोकर वगैरेंना ‘विमा मध्यस्थ’ म्हणतातच. दुसरा शब्द सुचवा.

दत्तात्रय: लवाद. जुना, खणखणीत शब्द.

सायली: काका, लवाद निवाडा देतो, समेट घडवत नाही. आगीच्या विम्याच्या जुन्या पॉलिसींत लवादाचं कलम असायचं, तेही रकमेच्या वादापुरतं. कंपनीने जबाबदारीच नाकारली की ते गैरलागू.

मुकुंद: पण लोकपाल निवाडाही देतोच ना? विमा लोकपालाच्या 2017 च्या नियमांत दोन्ही आहे. समेट झाला तर शिफारस, नाही झाला तर निवाडा. तो कंपनीवर बंधनकारक, आपल्यावर नाही. भरपाईची मर्यादा आता 50 लाख.

अनघा: ‘मध्यस्थी करणारा’ लिही. फक्त ‘मध्यस्थता’ नको, ते हिंदीचं. आपल्याकडे मध्यस्थी.

मुकुंद: मध्यस्थीवरच्या 2023 च्या कायद्याच्या बातम्यांत मराठी पेपरांनीही ‘मध्यस्थता’ छापलं. रुळला शब्द.

अनघा: छापला म्हणजे रुळला नाही. भांडणात पडणारा माणूस ‘मध्यस्थी केली’ असंच सांगतो.

दत्तात्रय: मग ‘तडजोड’ घ्या. तडा जोडणं, किती सुंदर!

मुकुंद: तो शब्द नकोच. वडिलांच्या मोतीबिंदूचं बिल 62,000, कंपनीने 24,000 देऊ केले. पत्रात ‘तडजोडीची रक्कम’. वडिलांनी पेन खाली ठेवलं, “मी काय खोटं बिल लावलंय?” पैशांपेक्षा तो शब्द त्यांना लागला. तडजोड म्हटलं की आपलंही थोडं चुकलंय असं वाटतं. ‘समेट’मध्ये तसं वाटत नाही.

अनघा: समेट माणसांत होतो. कंपनीशी कसला समेट? आणि काका, ‘तडजोड’मधली तड म्हणजे तडा नाही, काठ असावा, असं मला वाटतं. ‘तडीस नेणे’तली तीच.

दत्तात्रय: काठ कसा जोडणार? तडाच.

सायली: पत्रक सोमवारी छापायला जातंय. ‘समेट घडवणारा अधिकारी’ चालेल का?

अनघा: दोन काठ जोडणं, काका. पूल बांधतात तसं.

दत्तात्रय: मग ‘तडीपार’मध्ये कोणती तड?