मदत हवी आहे: मंडळाच्या ईमेलचे नियम लिहायचेत, पण सभासदांची तोंडं बंद करणारे नकोत

धागाकर्ती (सुरेल_चिटणीस)

नमस्कार, जरा लांबलचक होणारे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून सांभाळून घ्या.

मी डोंबिवलीतल्या एका संगीत मंडळाची चिटणीस आहे. साधारण ३८० सभासद, त्यात आजीव बरेच, वर्षाला सात-आठ मैफली, गुरुपौर्णिमा आणि दिवाळी पहाट. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी आहे, म्हणजे ऑडिट, धर्मादाय आयुक्त कार्यालय, कार्यकारिणी बदलली की फेरफार अर्ज हे सगळं आलंच. पूर्वी सूचना पोस्टकार्डावर जायच्या, आता मेलवर जातात. व्हॉट्सॲप ग्रुप आहे पण तो कार्यक्रमाच्या जाहिरातीपुरता, सभेची विषयपत्रिका, इतिवृत्त, हिशेब, पावत्या सगळं मेलनेच.

आता काय झालं ते सांगते. जूनमध्ये आमच्या एका जुन्या सभासद काकूंनी मला मेल केला, फक्त मला. यजमान गेल्यावर पेन्शन निम्मी झाली, यंदाची वर्गणी दोन हप्त्यांत दिली तर चालेल का असं विचारलं होतं, आणि त्याबरोबर घरातल्या चार गोष्टीही मोकळेपणाने लिहिल्या होत्या. मी तो मेल जसाच्या तसा कोषाध्यक्षांना फॉरवर्ड केला. हप्ते मान्य करायचे का एवढं एका ओळीत विचारलं असतं तर काम झालं असतं, हे मला आता कळतंय. कोषाध्यक्षांनी त्याच मेलला उत्तर लिहिताना वर्गणी थकलेल्यांची यादी जोडली आणि पत्त्याच्या जागी सगळ्या सभासदांचा ग्रुप आला. म्हणजे वर यादी, खाली काकूंचं पत्र, आणि ते ३८० घरांत गेलं. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, आमच्या लक्षात यायला वीस मिनिटं गेली होती. तोपर्यंत दोघांनी सगळ्यांना उत्तर देऊन काकूंना सहानुभूती कळवली आणि एकाने वर्गणी सगळ्यांना सारखीच असावी असं मत दिलं.

मी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात पूर्ण वर्गणीचा चेक आला आणि तेव्हापासून त्या एकाही मैफलीला आलेल्या नाहीत. एरवी तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची त्यांची ठरलेली असायची.

हे एकच असतं तर मी नियमांच्या मागे लागले नसते. पण त्याआधी कोणीतरी दिवाळी पहाटचं निमंत्रण सगळ्यांचे पत्ते सीसीत टाकून पाठवलं, ते पत्ते एका सभासदाच्या भाच्याने उचलले आणि आता सगळ्यांना टू बीएचकेची माहितीपत्रकं येतात. आणि ऑगस्टमध्ये एकाने दिवाळी पहाटच्या मंडप खर्चाबद्दल प्रश्न विचारला, अगदी रास्त प्रश्न होता, त्यावर बाजूने-विरुद्ध असे चार दिवसांत साठेक मेल झाले, शेवटी शेवटी तर कोणाच्या गाण्याला किती किंमत इथपर्यंत गेलं, आणि अकरा जणांनी मला यादीतून काढा म्हणून कळवलं.

यावर कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांनी नियमांचा मसुदा आणलाय. बाकी ठीक आहे पण त्यात एक कलम असं की मंडळाच्या कारभारावर टीका करणारा मेल कोणत्याही सभासदाने इतर सभासदांना पाठवला तर त्याचं सभासदत्व रद्द. आणि आयटी कायद्याच्या ६६अ खाली (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलचं कलम) गुन्हाही दाखल करता येईल अशी तळटीप. हे मला अजिबात पटत नाहीये. मंडप खर्चाचा प्रश्न चुकीचा नव्हता, चुकीचं होतं ते पुढचं. पण मला नीट मांडता येत नाही, बैठकीत मी बोलायला लागले की तुम्ही नवीन आहात ताई असं म्हणतात.

तर कोणी आपल्या संस्थेत, सोसायटीत, महाराष्ट्र मंडळात असे नियम केले असतील तर प्लीज सांगा. काय लिहावं, काय लिहू नये, आणि त्या कलमाला काय उत्तर द्यावं.

कल्याणकर_७

ताई, आधी तांत्रिक बाजू बघा, कारण जे सेटिंगने होतं त्याला नियम लागत नाही आणि नियम लोक विसरतात.

पहिलं म्हणजे सगळ्या सभासदांचा पत्ता कोणाच्याही वैयक्तिक जीमेलच्या कॉन्टॅक्टमध्ये ठेवूच नका. तुमच्या कोषाध्यक्षांचं तेच झालं असणार, दोन अक्षरं टाइप केली की सुचवलेला पत्ता बसतो. गूगल ग्रुप्समध्ये यादी ठेवा, त्यात मेल कोण पाठवू शकतं ते ठरवता येतं, आलेला मेल आधी मॉडरेटरने बघून मग पुढे सोडायचा असंही ठेवता येतं, आणि मुख्य म्हणजे उत्तर डिफॉल्टने फक्त पाठवणाऱ्याला जाईल असं करता येतं. ही शेवटची सेटिंग केली असती तर तुमच्या साठातले पन्नास मेल झालेच नसते, कारण लोक भांडायला नाही तर सवयीने बटण दाबतात. सभासदांची यादी फक्त व्यवस्थापकांना दिसेल असंही करा.

ग्रुप नसेल तर निदान बीसीसी, म्हणजे एकमेकांचे पत्ते दिसत नाहीत. पण साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पाठवता येतं, म्हणजे तुमच्या ३८० जणांना सकाळी सूचना गेली आणि संध्याकाळी चूकदुरुस्ती पाठवायला गेलात की खातं अडकतं. आमचं ऐन सभेच्या आदल्या दिवशी अडकलं होतं.

अजून एक, मंडळाचा म्हणून वेगळा आयडी आहे का? आमच्याकडे जुन्या सचिवांनी स्वतःच्या नावाने काढलेला होता, ते मुलाकडे बंगलोरला गेले, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर, आणि आम्ही तीन महिने दर वेळी फोन करून आकडे विचारत होतो. न्यासाची नोंदणी आहे तर गूगलची धर्मादाय संस्थांसाठीची मोफत योजना भारतातही मिळते, त्यात चिटणीस, कोषाध्यक्ष असे पदाच्या नावाने आयडी काढा, माणूस बदलला की पासवर्ड बदलायचा, पत्रव्यवहार पदाकडे राहतो.

निवृत्त_विधी_अधिकारी

त्या कलमाबद्दल लिहितो. आयटी कायदा २००० चं ६६अ आता अस्तित्वातच नाही असं समजा. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते पूर्ण रद्द केलं. तरी पोलीस ठाण्यांत ते लावलं जातच होतं म्हणून २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. तेव्हा तुमच्या ज्येष्ठांनी जाणूनबुजून लिहिलं असं मी म्हणणार नाही, खूप जणांना हे माहीत नसतं. निकालाची प्रिंट नेऊन शांतपणे पुढे ठेवा.

कोणी खरोखर खोटं आणि बदनामीकारक लिहिलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, दिवाणी दावा आहे. ज्याची बदनामी झाली तो बघेल. मंडळाने त्यासाठी वेगळी शिक्षा तयार करायचं कारण नाही.

सभासदत्व रद्द करणं ही गंभीर गोष्ट आहे. तुमच्या घटनेत त्याची जी पद्धत असेल तीच पाळावी लागते, लेखी नोटीस, म्हणणं मांडायची संधी, मग निर्णय. ईमेलच्या नियमात एक ओळ घालून ते करता येत नाही. नियम कार्यकारिणीच्या ठरावाने करा, पुढच्या वार्षिक सभेत वाचून मंजुरी घ्या, आणि त्यात शिक्षा म्हणून जास्तीत जास्त सगळ्यांना मेल पाठवायची मुभा काही काळ थांबवणे एवढंच ठेवा. सूचना आणि हिशेब त्या सभासदाला येत राहिलेच पाहिजेत, ते कुठल्याही कारणाने थांबवू नका.

आणि पत्त्यांचा विषय हलका घेऊ नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. मंडळ लहान आहे, नफ्यासाठी नाही, म्हणून सुटका नाही. तत्त्व सोपं आहे, ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरायची. सभासद फॉर्मवर तसं स्पष्ट छापा. फ्लॅट विकायला पत्ते वापरणं त्यात कुठेच बसत नाही.

गोदाकाठ

मी जरा वेगळं बोलते. नाशिकला आमच्या वाचनालयाच्या गटात नियम पहिल्यांदा दोन पानी केले होते, कोणी वाचले नाहीत. मग एवढंच ठरवलं की रागात लिहिलेला मेल रात्रभर ड्राफ्टमध्ये ठेवायचा, आणि ज्या माणसाबद्दल लिहितोय त्याला आधी फोन करायचा. सत्तरीच्या पुढच्यांना तर फोनच बरा वाटतो, मेलमधलं साधं वाक्यही त्यांना तोडून बोलल्यासारखं लागतं. आणि विषयाच्या ओळीत विषय लिहायचा. जुन्या दिवाळीच्या मेलला उत्तर म्हणून वर्गणीबद्दल लिहिलं की खाली काय काय जोडलेलं असतं ते कोणी बघत नाही, तुमच्या काकूंचं तसंच झालं. नवीन विषय, नवीन मेल.

काकूंना परत आणायचं बघा हो. ते नियमांनी नाही होणार.

निवृत्त_विधी_अधिकारी

गोदाकाठ यांच्याशी सहमत, पण फोनवर झालेल्याची नोंद राहत नाही. हिशेबाचा प्रश्न असेल तर लेखीच हवा आणि त्याला उत्तरही लेखी, ठरावीक दिवसांत. कार्यकारिणी उत्तर देत नाही म्हणून तर लोक सगळ्यांना मेल करतात.

धागाकर्ती (सुरेल_चिटणीस)

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री बसून मी मसुदा पुन्हा लिहिला. हे शेवटचं वाक्य वाचून मी थांबलेच, कारण मंडप खर्चाचा प्रश्न त्या सभासदाने आधी मला दोनदा विचारला होता आणि मी कोषाध्यक्षांकडून आलं की कळवते म्हणून तीन आठवडे ठेवला होता. म्हणून पहिला नियम कार्यकारिणीसाठीच केलाय, सभासदाच्या मेलची पोच २ दिवसांत आणि उत्तर १५ दिवसांत, उत्तर तयार नसेल तर का नाही ते कळवायचं. त्यानंतरही उत्तर मिळालं नाही तर सभासद तो प्रश्न सगळ्यांसमोर मांडू शकतो आणि मॉडरेटर तो अडवू शकत नाही, टीका आहे म्हणून तर नाहीच. मॉडरेटर फक्त जाहिरात, राजकीय फॉरवर्ड, आणि कोणाच्या घरच्या, तब्येतीच्या किंवा पैशाच्या खाजगी गोष्टी एवढंच थांबवेल, थांबवलं तर कारण लिहून पाठवेल. मॉडरेटर दोन, त्यातला एक कार्यकारिणीबाहेरचा.

खाजगी पत्र लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही, कार्यकारिणीतही नाही, लागेल तेवढाच मजकूर वेगळा लिहून विचारायचा. थकबाकीची यादी मेलवर कधीच नाही, ज्याची त्याला वेगळी आठवण. पत्ते मंडळाच्या कामासाठीच. चुकून काही गेलं तर त्याच दिवशी चिटणीसाने कळवायचं, आणि ज्याचं गेलं त्याला सगळ्यात आधी, फोन करून.

त्या मोठ्या कलमाच्या जागी विधी अधिकारी काकांनी सांगितलेलं, तीन महिन्यांपर्यंत पाठवायची मुभा थांबवणे, लेखी सूचना देऊन आणि ऐकून घेऊन.

आता एक अडकलंय. ४०-४५ सभासदांचा स्वतःचा आयडीच नाही. काहींनी मुलाचा दिलाय, काही जोडप्यांचा एकच आहे. म्हणजे मी काकूंना खाजगी म्हणून लिहिलं तरी वाचणार सून. याचं काय करता?

कल्याणकर_७

आमच्याकडे नोंदवहीत एक रकाना वाढवला, हा मेल कोण वाचतं. स्वतः, घरातलं दुसरं कोणी, की एकत्र. स्वतः नसेल तर त्या पत्त्यावर फक्त सूचना आणि इतिवृत्त जातं, वर्गणी किंवा वैयक्तिक काही असेल तर बंद पाकीट नाहीतर फोन. सभेची सूचना त्यांना पोस्टाने किंवा हातपोच, फलकावर तर लागतेच. फॉर्म भरून घ्यायला दोन मैफलींना दारात टेबल टाकलं होतं, बहुतेक सगळे तिथेच झाले.

धागाकर्ती (सुरेल_चिटणीस)

हे चालेल, टेबल टाकते. रविवारी बैठक आहे, निकालाची प्रिंट काढली. मसुदा आधी काकूंकडे घेऊन जाणारे, त्यांचं नाव कुठे नाही पण त्यांच्या बाबतीत झालेलं सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय बैठकीत वाचणं मला बरोबर वाटत नाही. काय म्हणतात ते इथे लिहीन, त्यांनी लिही म्हटलं तर.