गुरुजींच्या कादंबरीतला मुंजा (सोसायटी ग्रुप, कुडाळ)

बी-३०२: गुरुजी, राग मानू नका, पण ग्रुपवरच विचारते. शनिवारी पार्किंगमध्ये तुम्ही मुलांना तुमच्या कादंबरीची पहिली दोन प्रकरणं वाचून दाखवलीत. आमचा धाकटा तेव्हापासून रात्री बाथरूमला एकटा जात नाही. दुसरी-तिसरीच्या मुलांना भुतं कशाला? आणि तीही शाळेत?

सी-२०४: वहिनी, मी मागे बसून सगळं ऐकलं. जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. डोंगरावरची जिल्हा परिषदेची शाळा, पट १७. वीसच्या खाली म्हणून बंद करायचं घाटतंय. मग पोरं पिंपळावरचा मुंजा, व्हाळाच्या कोंडीतला (ओढ्याच्या डोहातला) गिऱ्हा आणि माळ्यावरची जखीण यांना आणून बाकावर बसवतात. झाले वीस! तपासणीला साहेब येतात. २०११ च्या पटपडताळणीत एकच पोर दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना शाई लावली होती, तशी लावायला घेतात. मुंजाच्या बोटावर शाई थांबेचना, थेंब थेट फरशीवर. गिऱ्ह्याच्या बाकाखाली पाण्याचं तळं. बाई म्हणतात, "कौलं गळतात, साहेब." आणि महिना मार्चचा! पोरं पोट धरून हसत होती.

ए-४०३: जादूटोणाविरोधी कायदा होऊन इतकी वर्षं झाली, २०१३ चा तो. आणि आपण अजून मुलांना मुंजा सांगतोय?

ए-१०१ (गुरुजी): तो कायदा भुताच्या नावावर लुबाडणाऱ्यांसाठी आहे, गोष्टीसाठी नाही. माझ्या गोष्टीतही एक भगत येतो, पालकांकडे पैसे मागतो. त्याला वर्गाबाहेर काढतात ती भुतंच. वहिनींना सविस्तर लिहितो, जेवण होऊ दे.

सी-००२ (आजी): आमच्या वाडीत व्हाळाच्या कोंडीत गिऱ्हो होतो. आये सांगायची, तिनीसांजा पाण्याकडे जाव नको, गिऱ्हो वडून नेतलो. आमी भियालंव, पण आमच्यातलो कोण बुडाक नाय. पोरांनी थोडा भियाक व्हया.

बी-३०२: आजी, तुमच्या आईने जपायला म्हणून सांगितलं. इथे मुंजा हसवतोय. आठ वर्षांचं पोर गेलं, यात हसण्यासारखं काय? माझं घोडं तिथेच अडलंय.

ए-१०१ (गुरुजी): वहिनी, तो गेला यावर कोणी हसत नाही. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला म्हणून पिंपळावर अडकला, एवढंच आपल्याकडे सांगतात. माझ्या मुंजाला आपण गेलो हेच माहीत नाही. शंभर वर्षं चौथीत बसलाय. बरोबरची पोरं दर वर्षी पाचवीला निघून जातात आणि याला वाटतं, आपण पुन्हा नापास. मुलं हसतात ती त्या नापासावर. पुढे एका मुलीच्या हे ध्यानात येतं आणि ती त्याला खरं सांगते. ते पान मी सावकाश वाचणार आहे.

हे आलं कुठून, तेही सांगतो. नोकरीत असताना भातकापणीच्या दिवसांत माझ्या वर्गातला एक मुलगा फुरसं चावून गेला. हजेरीपटावरचं नाव लाल शाईने कमी केलं. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्याच्या आधीचा मुलगा "हजर" म्हणाला आणि सगळा वर्ग गप्प झाला. मी पुढचं नाव घेईपर्यंत कोणी हललं नाही. मधल्या सुट्टीत एकीने विचारलं, "गुरुजी, त्याची खिचडीची ताटली आता कोणाची?" घरी त्या पोरांना बजावलेलं होतं, विषय काढायचा नाही. मुलांना मरण कळतं हो. बोलायला कोणी मिळत नाही. गोष्टीतलं भूत बोलतं, विचाराल त्याला उत्तर देतं, आणि एकदा हसू आलं की पोरं पुढचं विचारायला धजावतात.

दशावतार आठवा. संकासुर काळ्या वेषात, लाल जीभ लोंबवत येतो तेव्हा पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात तोंड लपवतात. तोच मालवणीत चार शब्द बोलला की तीच पोरं खिदळतात. जत्रेत अर्ध्या रात्री हे बघत आपण वाढलो.

सी-२०४: आणि वहिनी, आरवलीला वेतोबाच्या पुढ्यातल्या त्या भल्यामोठ्या चपला धाकट्याने बघितल्या होत्या. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, झिजतात म्हणून नव्या वाहतात, हे तुम्हीच त्याला सांगितलंत. तेव्हा कुठे घाबरला?

बी-३०२: तो राखणदार आहे, भावजी. त्याची आणि याची बरोबरी नको.
पण एक सांगते. आज मी भाकऱ्या थापत होते, तर धाकटा येऊन विचारतो, "मुंजाची आई कुठे गेली?" म्हटलं, शंभर वर्षं झाली बाळा, तीही गेली असेल. तर लगेच, "मग आबा तिला भेटले असतील?" सासरे जाऊन वर्ष झालं. या वर्षात त्याने एकदाही आबांचं नाव काढलं नव्हतं. तव्यावरची भाकरी करपली तरी आम्ही बोलत होतो.
तेव्हा माझा विरोध कमी झालाय, संपलेला नाही. पाचवीच्या खालच्या मुलांबरोबर घरातलं कोणीतरी बसायला हवं. आणि सात वाजता वाचन नको, उजेड असताना उरका.

ए-१०१ (गुरुजी): दोन्ही मान्य. आणि धाकट्याची हरकत नसेल तर त्याचा तो प्रश्न मला द्या. तिसऱ्या प्रकरणात मुंजाच तो बाईंना विचारेल.

बी-३०२: विचारते त्याला. या खेपेला मी येऊन बसते.

सचिव: ठरलं. शनिवारी साडेपाच वाजता, पार्किंगमध्येच. सी विंगवाल्यांनी पाचपर्यंत गाड्या बाहेर लावाव्यात. आजींसाठी खुर्ची मी आणतो.