ई-आधारवरचं पिवळं प्रश्नचिन्ह: 'ट्रस्ट' दाबायचं की नाही?

खिडकी_क्र_३ (धागाकर्ता): ई-आधारची पीडीएफ अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडली की डिजिटल सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह येतं, 'व्हॅलिडिटी अननोन'. त्यावर जो तो एकच तोडगा सांगतो: राइट क्लिक, सिग्नेचर प्रॉपर्टीज, शो सायनर्स सर्टिफिकेट, ट्रस्ट टॅब, 'अ‍ॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स'. झाली टिक हिरवी! माझ्या मते ती कवडीमोलाची. आधारचं नाव घालून सर्टिफिकेट (सही कोणाची हे सांगणारी डिजिटल फाइल) कोणीही घरी बनवू शकतं, आणि एवढ्याच क्लिकांनी तेही हिरवं होतं. फाइलनेच आणलेल्या सर्टिफिकेटवर आपण शिक्का मारायचा आणि मग तोच शिक्का बघून फाइल खरी म्हणायची, ही कसली पडताळणी?

सेतूवाला: असहमत. आमच्या केंद्रात दारापर्यंत रांग असते. टिक नसलेली प्रिंट ऑफिसातून परत येते आणि माणूस आमच्याच डोक्यावर. पिवळं म्हणजे फाइल खोटी नव्हे. रीडरच्या यादीत आपल्याकडचं रूट, म्हणजे बाकीच्या सर्टिफिकेटांची ग्वाही देणारं मूळ सर्टिफिकेट नाही, इतकंच. खुद्द यूआयडीएआयने, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाने हीच कृती सांगितली आहे. आधी सर्टिफिकेशन पाथमध्ये (सर्टिफिकेटांच्या साखळीत) एनआयसीचं, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं नाव बघा, असंही सांगितलंय. ते मी बघतो.

खिडकी_क्र_३: पाथमधलं नावही टाइप केलेलंच असतं हो.

गाठोडं: म्हणून नाव नाही, फिंगरप्रिंट (बोटाचा ठसा नव्हे, सर्टिफिकेटची ओळख पटवणारा लांबलचक आकडा) जुळवायचा. रूट सर्टिफिकेट सीसीएच्या, म्हणजे प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांच्या संकेतस्थळावरून घ्या, डिटेल्स टॅबमधला आकडा तिथल्या आकड्याशी ताडून बघा आणि फक्त तेवढंच ट्रस्ट करा. ट्रस्टच्या खिडकीत खाली 'डायनॅमिक कंटेंट' आणि 'हाय प्रिव्हिलेज जावास्क्रिप्ट'च्या चौकटी असतात, त्यांना हात लावू नका. त्या फाइलला जादा मोकळीक देतात. घाईत लोक सगळ्यांवर टिक करत सुटतात.

तिरका_डोळा: म्हणजे आगीतून फुफाट्यात. रूट एकदा ट्रस्ट केलं की त्याच्याखालच्या प्रत्येक परवानाधारक संस्थेच्या सर्टिफिकेटवरची सही हिरवी. जीएसटीसाठी डिजिटल सहीचं डोंगल घेतलेल्या माझ्या मेव्हण्याचीसुद्धा! सही कोणाची हे कोण वाचतं? आणि २०१४ विसरलात? एनआयसीच्या यंत्रणेतून गूगलच्या डोमेनांची (वेब पत्त्यांची) अनधिकृत सर्टिफिकिटं निघाली होती. भारताचं रूट विंडोजच्या यादीत होतं, फायरफॉक्सच्या नव्हतं. नंतर क्रोमने त्या रूटला ठरावीक भारतीय डोमेनांपुरतं बांधून टाकलं.

गाठोडं: ते प्रकरण वेबसाइटचं. रीडरची यादी स्वतंत्र असते, त्यात टाकलेलं रूट ब्राउझरला लागू होत नाही. उलट certmgr.msc (विंडोजची सर्टिफिकेटांची खिडकी) उघडून विंडोजमध्येच रूट घुसवायला सांगणारे व्हिडिओ आहेत, ते खरे धोक्याचे. नाव वाचण्याबद्दल मात्र सहमत.

खिडकी_क्र_३: मुळात कागदावरच्या हिरव्या टिकला अर्थच नाही, ती कोणीही रंगवेल. आधारवरच्या क्यूआर कोडमधल्या मजकुरावर डिजिटल सही असते. यूआयडीएआयच्या अ‍ॅपमध्ये स्कॅन केला की काम झालं.

सेतूवाला: स्कॅन करणारा एक कारकून दाखवा, उद्यापासून टिक बंद करतो. चौकटींचं मात्र पटलं. आत्ताच एडिट, प्रेफरन्सेस, सिग्नेचर्स, 'आयडेंटिटीज अँड ट्रस्टेड सर्टिफिकेट्स' उघडलं. एका मशीनवर भलतीच नावं आहेत, एक तर कुठल्याशा प्रायव्हेट कंपनीचं. उडवू का?

गाठोडं: उडवा. आधी डिटेल्सचा स्क्रीनशॉट घ्या, त्याला रूट म्हणून ट्रस्ट केलं होतं का तेही बघा.