जयकर आज कुलगुरू झाले असते का?

गणेशखिंडकर:
एम.ए.ला असताना घरून फोन आला की "जयकरला बसलोय" एवढंच सांगायचो. पुणे विद्यापीठाच्या त्या ग्रंथालयाला ज्यांचं नाव आहे ते मुकुंदराव जयकर बॅरिस्टर होते. 1937 साली फेडरल कोर्टाचे न्यायाधीश, मग लंडनला प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर (तेव्हाचं शेवटच्या अपिलाचं कोर्ट), आणि 1948 ते 1956 पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) 2018 चा नियम म्हणतो, कुलगुरू व्हायला प्राध्यापकपदाचा किंवा नामवंत संशोधन-शैक्षणिक संस्थेतला दहा वर्षांचा अनुभव हवा. म्हणजे जयकर बाद. मला हे पटत नाही. विद्यापीठ मुळापासून उभं करायला नियम रचणारा, दोन्ही बाजू ऐकून घेणारा माणूस लागतो.

मास्तरीण:
उभं करायला लागत असेल, चालवायला मास्तरच हवा. जयकरांनंतर रँग्लर परांजपे आले, ते गणिताचे प्राध्यापक होते. मी सहा वर्षं अभ्यास मंडळावर होते. पीएच.डी.च्या एका मुलीचे मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे मिळेनात, तिची दोन वर्षं गेली. हे दुखणं वर्गात आयुष्य काढलेल्यालाच कळतं. यूजीसीच्या 2025 च्या नव्या नियमांच्या मसुद्यात उद्योग आणि प्रशासनातल्या लोकांनाही दार उघडायचं म्हणतात, त्याची मला खरंच भीती वाटते.

कोर्टकचेरी:
आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग? 1889 साली हायकोर्टाचे न्यायाधीश, 1892 साली मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू.

मास्तरीण:
तेलंग तर माझ्या बाजूचे! त्यांचं गीतेचं इंग्रजी भाषांतर 1882 चं, न्यायाधीश व्हायच्या आधीचं. अभ्यासक आधी, न्यायमूर्ती नंतर.

गणेशखिंडकर:
पण ती विद्वत्ता त्यांनी वकिली करता करता कमावली, प्राध्यापकाच्या खुर्चीत बसून नाही. आजच्या अर्जात ती कुठल्या रकान्यात भरणार? शिवाय जयकरांचा कणा बघा. डिसेंबर 1946, घटना समितीत नेहरूंचा उद्दिष्टांचा ठराव. सगळं सभागृह भारावलेलं, आणि हे उठून म्हणतात, मुस्लिम लीग आणि संस्थानं येईपर्यंत थांबा. सभासद चिडले, पण बाबासाहेबांनी त्यांची बाजू उचलून धरली. मंत्र्याच्या शब्दाला नाही म्हणायला हेच बळ लागतं.

मास्तरीण:
कणा हवा, याबद्दल वाद नाही. पण तो वकिलांकडेच असतो असं थोडंच आहे? त्यासाठी निवड समितीवर ताठ माणसं बसवा. दहा वर्षांची अट राहू दे, आमच्या मुलांच्या हातात तेवढीच एक खात्री उरली आहे.